माकडहाडाजवळचा सायनस परत झालाय: आता टाके कुठे घालायचे?

कागल तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मिस्टर 28 वर्षांचे, घरचा ट्रॅक्टर, हंगामात उसाची वाहतूक. दोन वर्षांपूर्वी माकडहाडाजवळ गळू आलं, आपोआप फुटलं. मागच्या वर्षी ‘पायलोनायडल सायनस’ (कातडीखाली केस अडकून झालेली, पू वाहणारी पोकळी) म्हणून ऑपरेशन झालं, मधोमध सरळ टाके घातले. पाच महिने बरं गेलं. मग टाक्यांचं खालचं टोक उघडलं, डाव्या अंगाला नवीन भोक पडलं आणि आता रोज कपड्याला डाग लागतो. एका डॉक्टरांनी लेझर सांगितलं, दुसऱ्यांनी फ्लॅप (शेजारची कातडी सरकवून जखम बुजवायचं ऑपरेशन), पाहुण्यांनी क्षारसूत्र (औषधी दोरा). ताई विचारतात, ‘नक्की काय करावं? आणि दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होईल, तोपर्यंत ते ट्रॅक्टरवर बसतील का?’

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं फ्लॅप करावा लागेल. लेझरने या खेपेला भागेल असं दिसत नाही. पण जागा न बघता दिलेलं हे मत आहे, तेव्हा ते कच्चंच धरा. बघितल्यावर कशामुळे बदलू शकतं तेही पुढे येईल.

या दुखण्याचा माणूस केबिनमध्ये शिरला की बहुतेक वेळा बसण्यावरूनच ओळखू येतो. खुर्चीच्या कडेला, एका कुल्ल्यावर भार देऊन तिरका बसतो आणि सांगतो, ‘मूळव्याध झालीया, बसायलाच येईना झालंय बघा.’ आपल्याकडे कमरेखालच्या सगळ्या दुखण्यांना मूळव्याध हे एकच नाव आहे. त्यामुळे निम्मे जण आधी मूळव्याधीच्या गोळ्या, मलम, कुणाकुणाच्या पुड्या घेऊन सहा-आठ महिने काढून आलेले असतात. काहींनी वर बिब्बा लावलेला असतो. बिब्ब्याने कातडं भाजतं, आतला रोग तिथेच राहतो आणि मला ऑपरेशनला चांगली कातडी उरत नाही.

आता हे होतं कशामुळे ते थोडं सविस्तर सांगतो, कारण कुठलं ऑपरेशन टिकेल आणि कुठलं नाही ते त्यावरच ठरतं.

तुम्ही शेतातल्या आहात, कुसळ तुम्हाला सांगायला नको. गवताचं कुसळ धोतराच्या काठात एकदा शिरलं की चालताना पुढे पुढेच सरकतं, मागे येत नाही. केसाचंही तसंच आहे. डोळ्यांना केस गुळगुळीत दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर कौलांसारखे खवले असतात आणि त्यांची तोंडं टोकाकडे वळलेली असतात. गळून पडलेला केस मुळाकडच्या बाजूने कातडीत घुसला तर आत जाताना अडत नाही, बाहेर येताना मात्र खवले अडकतात. दोन कुल्ल्यांमधल्या घळीत घाम असतो, ऊब असते, कातडी ओलसर होऊन मऊ पडलेली असते. माणूस बसतो, हलतो, तसे दोन्ही कुल्ले त्या केसाला हातात धरल्यासारखं आत ढकलतात. कातडीवर आधी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात, तीही बरोबर मधल्या रेषेवर. केस आत गेला की शरीर त्याला परका समजून पू करतं, आणि पू वाट काढत बाजूला, बहुतेक वेळा वरच्या दिशेला, कुठेतरी फुटतो. तुम्हाला डाव्या अंगाला दिसतंय ते भोक म्हणजे फक्त पू बाहेर पडायची जागा आहे. सुरुवात मधल्या रेषेवरच्या बारीक छिद्रांत झालेली असते, आणि ती घरच्यांना बहुधा दिसतही नाहीत.

केसही नेहमी तिथलेच असतात असं नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी सायनसमधून काढलेले केस तपासले तेव्हा त्यांत डोक्यावरच्या केसांचे आखूड, धारदार टोकांचे तुकडे भरपूर निघाले, म्हणजे कटिंग करताना कॉलरमधून पाठीवर उतरलेले. त्यामुळे मी पेशंटना एक सांगतोच: सलूनमधून आलात की थेट मोरीत जा, मानेपासून खाली भरपूर पाणी ओता, मग बाकीचं.

या रोगाचं नावच मुळी ‘केसांचं घरटं’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आलंय. 1880 साली बोस्टनच्या हॉजेस यांनी ते दिलं. त्यानंतर बरीच वर्षं सर्जन लोक समजत होते की ही जन्मजात गाठ आहे, गर्भातच राहून गेलेला अवशेष आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात हा आजार इतका बोकाळला की जवळजवळ 80 हजार सैनिकांना दवाखान्यात भरती करावं लागलं. खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास जीप चालवणाऱ्यांना होतो म्हणून त्याला ‘जीपचा आजार’ असंच नाव पडलं. जन्मजात अवशेष आहे तर मुळापासून उपटा, या हिशेबाने हाडापर्यंत खणून काढायची ऑपरेशनं झाली आणि तरणीताठी पोरं दीड-दोन महिने खाटेला खिळली. मग 1946 च्या सुमारास लंडनच्या पॅटी आणि स्कार्फ यांनी एक साधी गोष्ट पुढे आणली. न्हाव्याच्या बोटांच्या बेचक्यातही अगदी असाच सायनस होतो, आणि तिथे तर जन्मजात काही असायचं कारण नाही. गिऱ्हाइकाचे केस तिथे टोचून आत शिरतात, बस्स. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण एक सलूनवाले काका खरोखर मधल्या आणि अनामिका बोटाच्या बेचक्यातलं भोक दाखवायला आले तेव्हा मला इतका आनंद झाला की ते बावरलेच. त्यातून चिमट्याने सात-आठ केस निघाले, त्यांच्या स्वतःच्या पांढऱ्या झालेल्या डोक्याशी न जुळणारे, काळेभोर.

तर मुद्दा असा की खोलवर रुजलेलं काही आत नसतं. खोल असते ती घळ. घळ तशीच ठेवून नुसतं भोक काढलं, तर केस, घाम आणि घर्षण तिन्ही जागेवरच राहतात. वर आपण त्यांना एक नवी जखमही देतो.

मागच्या वर्षी मिस्टरांचं बहुतेक हेच झालं. सायनस कापून काढला आणि दोन्ही कडा मधोमध ओढून टाके घातले. ऑपरेशन अर्ध्या तासात उरकतं, दिसायला सुबक रेघ येते. पण ती रेघ घळीच्या तळाला येते, नेमकी सगळ्यांत ओलसर जागी, जिथे हवा पोचत नाही. शिवाय बसलं की दोन्हीकडून ताण. टाक्यांचं खालचं टोक, गुदद्वाराच्या जवळचं, सगळ्यात आधी उघडतं. तुम्ही अगदी तेच लिहिलंय. मधल्या रेषेवरचे टाके आणि बाजूला सरकवलेले टाके यांची तुलना करणारे अभ्यास बरेच झालेत आणि निकाल सातत्याने बाजूच्या टाक्यांकडे झुकतो: जखम लवकर भरते, पू कमी होतो, रोग परत येण्याचं प्रमाण कमी.

मागच्या डॉक्टरांना मात्र दोष देऊ नका. मीही हेच केलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मला शिकवलेलंच तेवढं होतं, आणि ती बारीक रेघ बघून मी स्वतःवर खूशही व्हायचो. पन्हाळ्याकडचा एक पोरगा होता, पोलीस भरतीची तयारी करणारा. त्याला मी मधोमध टाके घातले, सात महिन्यांत परत. मी परत तेच केलं, अजून रुंद कापून. परत. तिसऱ्यांदा आला तेव्हा भरतीचं वय निघून चाललं होतं. मी त्याला म्हटलं, आता दुसऱ्या पद्धतीने करतो, पहिल्यांदाच करायला हवं होतं. तो काही बोलला नाही. नंतर जखम भरल्यावर घरच्या गुळाची ढेप घेऊन आला. मला ती घेताना लाज वाटली. तेव्हापासून घळीच्या तळाला मी टाका घातलेला नाही.

आता आधी खात्री करायची ती ही, की हा पायलोनायडलच आहे. मी काय बघेन? मधल्या रेषेवर, गुदद्वारापासून साधारण चार-पाच बोटं वर, ती बारीक छिद्रं आहेत का. ती दिसली की निदान झालं. त्याला एमआरआय लागत नाही. छिद्रं दिसत नसतील आणि पू गुदद्वाराच्या अगदी लगत येत असेल तर भगंदराची, म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेर कातडीपर्यंत पडलेल्या वाटेची, शंका घ्यावी लागते. मग बोटाने आतून तपासणी, गरज वाटली तर एमआरआय, आणि ऑपरेशनही वेगळंच. खालून उघडलेली जखम गुदद्वाराकडे किती सरकली आहे हे म्हणूनच समोर बघायला हवं. काखेत, जांघेतही अशीच गळवं येत असतील तर तो घामाच्या ग्रंथींच्या भागातला वेगळा चिवट आजार असतो, त्याला चामडीच्या डॉक्टरांची जोड लागते. आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवायचाच. आपल्याकडे टीबी कधी कुठल्या जखमेत निघेल सांगता येत नाही, आणि वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जुन्या सायनसमध्ये क्वचित कॅन्सरही होतो. क्वचित म्हणजे खरोखर क्वचित, पण तुकडा तपासल्याशिवाय ते कळत नाही.

दुसरं, आज तिथे टणक, लाल, ठणकणारं गळू असेल तर फ्लॅप आज करायचा नाही. आधी पू काढायचा, तोही मधल्या रेषेपासून जरा बाजूला चीर देऊन, आणि महिना-दीड महिना जागा शांत होऊ द्यायची. भरलेला पू अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी जात नाही. गोळ्यांनी ठणका कमी होतो, माणसाला वाटतं बरं झालं, आणि तो ऊस तोडायला पळतो. तुमच्या लिहिण्यावरून पू वाहतोय, साठलेला नाही. तसं असेल तर थांबायची गरज पडणार नाही.

तुम्हाला सांगितलेल्या तीन पर्यायांबद्दल.

लेझरमध्ये केस खरवडून काढतात आणि बारीक तार आत घालून पोकळीचं अस्तर जाळतात. दुर्बिणीने करायची पद्धतही आहे, इटलीच्या मायनेरो यांनी 2014 च्या सुमारास ती मांडली; त्यात आतली पोकळी डोळ्यांनी बघून केस उचलता येतात. जखम लहान, माणूस आठवड्यात कामावर. हे खोटं नाही, आणि पहिल्यांदाच आलेल्या, एक-दोन छिद्रांच्या, सरळ पोकळीच्या रोगाला मी स्वतः असा छोटा उपाय सुचवतो. त्याहून साधाही एक आहे: भुलीचं इंजेक्शन तिथल्या तिथे देऊन प्रत्येक छिद्र तांदळाच्या दाण्याएवढं कापून काढायचं आणि बाजूने एक चीर देऊन पोकळी साफ करायची. अमेरिकेतल्या बॅस्कम यांनी 1980 च्या दशकात हे रूढ केलं. खर्च कमी, यंत्र नाही. म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात कुठे दिसत नाही. पण या सगळ्या उपायांत घळ आहे तशी राहते. तुमच्या मिस्टरांची घळ खोल असावी, त्यात जुन्या टाक्यांचा ताठ वण असणार, आणि ते दिवसाचे बारा तास हादऱ्यावर बसणारे आहेत. अशा ठिकाणी लेझर करून दोन वर्षांनी परत फ्लॅपच करायचा, तर मग आज का नको?

क्षारसूत्राला मी हसत नाही. नाडीव्रणाला, म्हणजे आत वाट पडलेल्या वाहत्या जखमेला, क्षाराचा दोरा बांधायचा विचार सुश्रुतांचा आहे, आणि भगंदरात तो आजही चांगला चालतो हे आम्ही सर्जनही मान्य करतो. सरळ, एका वाटेच्या पायलोनायडलमध्येही वैद्य तो वापरतात. दर आठवड्याला दोरा बदलत वाट हळूहळू कापली जाते आणि मागून भरत येते. पण परत आलेल्या, फाटे फुटलेल्या रोगाला दोऱ्याने वण मधल्या रेषेवरच राहतो. शिवाय हे कुणाच्या हातून करून घ्यायचं? पदवी असलेले, शल्यतंत्र शिकलेले वैद्य असतील तर गोष्ट वेगळी. ‘मूळव्याध-भगंदर, विनाऑपरेशन’ असा बोर्ड लावून बसलेल्या माणसाकडे नेऊ नका.

एक चौथा पर्याय कुणी सांगितला नाही, तो मी सांगतो. सगळं काढून जखम उघडीच ठेवायची आणि खालून भरू द्यायची. हा उपाय विश्वासाचा आहे, पण दोन-तीन महिने रोज ड्रेसिंग. ते तुम्हीच करणार, हे मला माहीत आहे. मिस्टर पालथे पडून मोबाइल बघणार. खूप पू असेल, साखर वाढलेली असेल, कातडी खराब असेल, तर मीही हाच मार्ग धरतो. नाहीतर नाही.

राहिला फ्लॅप. यात दोन घराणी आहेत म्हणा ना. एक ग्रीसच्या सैन्यातले सर्जन कारिडाकिस यांचं. त्यांनी सायनस एका बाजूला कललेल्या लंबगोलात काढला आणि दुसऱ्या बाजूची कातडी सोडवून अशी ओढून आणली की टाके मधल्या रेषेच्या बाजूला पडावेत. सहा हजारांवर सैनिकांचा हिशेब त्यांनी 1992 मध्ये मांडला आणि रोग परत येण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास सांगितलं. इतका चांगला आकडा बाकीच्यांना क्वचितच मिळाला, पण तत्त्व पक्कं ठरलं. दुसरं लिंबर्ग यांचं. ते लेनिनग्राडचे, मुळात चेहऱ्याची ऑपरेशनं करणारे सर्जन. त्यांनी कातडी फिरवायची जी भूमिती बसवली ती पुढे या जागी वापरली गेली. वण जुना आणि रुंद असेल तर मी लिंबर्गकडे वळतो, कारण काढावी लागणारी जागा मोठी असते.

हे ऑपरेशन होतं कसं ते सांगतो, म्हणजे मिस्टर आदल्या रात्री नीट झोपतील. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल. मग पालथं झोपवून कमरेखाली उशी. दोन्ही कुल्ले रुंद चिकटपट्टीने बाजूला ओढून टेबलाला चिकटवतो, म्हणजे घळ सपाट होते. पण पट्ट्या लावायच्या आधी, कुल्ले मोकळे असताना ते एकमेकांना कुठे टेकतात तिथे मी पेनाने रेघ मारून घेतो. नंतर सगळं ताणलेलं असताना ती रेघ दिसत राहते आणि टाके कुठे आणायचे आहेत ते विसरता येत नाही. मग भोकातून निळा रंग हळूच सोडायचा. जोरात ढकलला की सगळंच निळं होतं आणि रोग कुठे, चांगलं कुठे हे कळत नाही. शिकाऊ डॉक्टर हमखास इथे चुकतात.

मग कातडीवर पतंग काढायचा. खरंच पतंगाचाच आकार: चारही बाजू सारख्या, वर आणि खाली 60 अंशांचे कोन, दोन्ही बगलांना 120 चे. छिद्रं, जुना वण, बाजूचं भोक, सगळं त्या पतंगाच्या आत बसायला हवं. खालचं टोक मी मधल्या रेषेवर ठेवत नाही, एक-दोन सेंटिमीटर बाजूला सरकवतो, कारण गुदद्वाराजवळचं ते टोकच दगा देतं. पतंगाचा तुकडा हाडावरच्या पडद्यापर्यंत एकसंध काढायचा. हाड खरवडायचं नाही. तुकडा बाहेर काढून चिरला की आत पिवळसर राड आणि तिच्यात केसांचा झुपका, मोरीच्या जाळीत अडकतो तसा. नातेवाइकांना मी तो दाखवतो. ‘हे आत गेलं कसं?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो.

आता त्या पतंगाएवढाच दुसरा तुकडा, शेजारच्या कुल्ल्याचा, कातडी आणि चरबीसकट तीन बाजूंनी सोडवायचा. चौथी बाजू जोडलेलीच, कारण रक्त तिथूनच येतं. तो फिरवून रिकाम्या पतंगात बसवायचा आणि जिथून उचलला तिथल्या कडा एकमेकींना जोडायच्या. नीट आखलं असेल तर ओढून ताणून बसवावा लागत नाही, आपणच जागेवर येतो. खाली एक बारीक नळी, वर दोन थरांत टाके. चिकटपट्ट्या सोडल्या की बघायचं: आधी जिथे खोल घळ होती तिथे आता जवळजवळ सपाट, चरबीची गादी असलेली कातडी. माझ्या मते ऑपरेशन टिकतं ते याच्यामुळे. चांगल्या हातांनी केलेल्या लिंबर्गनंतर रोग परत येणारे साधारण शंभरात पाचच्या आत राहतात. वर्षं जातात तसा हा आकडा सगळ्याच पद्धतींत थोडा वाढतो, म्हणून ‘कधीच परत होणार नाही’ असं लिहून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तोटेही ऐका. वण मोठा आणि वाकडा दिसतो. कुणाला दाखवायचा नसतो, पण बायकोला दिसतो, म्हणून आधीच सांगितलं. फ्लॅपवरची कातडी काही महिने बधिर राहते, थोडी जागा कायमची. खाली पाणी साठू शकतं, कडेचा एखादा कोपरा काळा पडू शकतो, त्याला आठवडाभर ड्रेसिंग वाढतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त होतं. मिस्टर ओढत असतील तर ऑपरेशनच्या महिनाभर आधी बंद. ‘कमी केलीय’ चालत नाही.

नंतरचे पहिले दोन आठवडे कठीण. नळी दोन-चार दिवसांत निघते, टाके बारा ते चौदा दिवसांनी. तोवर पालथं किंवा कुशीवर. चालायला हरकत नाही, उलट चालाच. पण उकिडवं बसायचं नाही. खेड्यातून येणाऱ्यांची खरी अडचण हीच: संडास भारतीय पद्धतीचा. उकिडवं बसलं की फ्लॅपवर सगळा ताण येतो. मधोमध भोक असलेली कमोडची खुर्ची मेडिकल दुकानात मिळते, भाड्यानेही मिळते. ती घरी आणूनच ऑपरेशनला या. पोट साफ राहील असं जेवण, इसबगोल, भरपूर पाणी. तांबडा रस्सा महिनाभर बंद असं काही मी सांगत नाही, पण जुलाब किंवा बद्धकोष्ठ दोन्ही नकोत.

केसांचं काय? जखम भरेपर्यंत कडेचे केस ट्रिमरने आखूड ठेवा. घरी ब्लेड किंवा रेझर फिरवू नका. वर्षानुवर्षं रेझरने भादरणाऱ्यांत रोग परत होण्याचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलंय. बारीक तुकडे आणि खरचटलेली कातडी, दोन्ही एकदम मिळतं. परवडत असेल तर जखम पूर्ण भरल्यावर त्या भागाचे केस लेझरने कमी करून घ्यावेत. हे लेझर वेगळं, चामडीच्या डॉक्टरांकडचं, आणि इथे मी त्याच्या बाजूने आहे. रोजची अंघोळ करताना तिथे हाताने पाणी मारून धुवायचं आणि कोरडं करायचं. या वयात एवढी काळजी घेतली की चाळिशीनंतर रोग सहसा आपणच मागे पडतो. नव्याने तर त्या वयात क्वचितच सुरू होतो.

आता हंगामाचं. आत्ता श्रावण चालू आहे. या पंधरवड्यात ऑपरेशन झालं तर टाके गणपतीच्या सुमारास निघतील. तीन आठवड्यांनी उशीवर बसून जेवता येईल, मोटारसायकलवर मागे नको. ट्रॅक्टरला मी पूर्ण सहा आठवडे थांबवतो, आणि तेही जखम बघून. म्हणजे दसऱ्यापर्यंत मोकळे. सुरुवातीच्या पंधरा दिवसांत लांब फेऱ्या भावाला किंवा ड्रायव्हरला द्या, कारखान्याच्या रांगेत उभं असताना सीटवर न बसता खाली उतरून उभं राहायचं. रेक्झिनच्या सीटवर सुती गादी टाका आणि ती धुवा. पण दिवाळीच्या आठ दिवस आधी ‘करून टाका डॉक्टर’ म्हणत आलात तर मी करणार नाही. फड सुरू झाल्यावर कुणी घरी बसत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलंय. तेव्हा मग पू आला तर काढून घ्यायचा आणि फ्लॅप उन्हाळ्यात.

कुठे करायचं, हे मी सांगणार नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातही ही ऑपरेशनं होतात, खासगीतही. सरकारी आरोग्य योजनेतून होईल का, हे योजना लागू असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधी विचारा. सर्जनला मात्र एकच प्रश्न विचारा: ‘टाके नेमके कुठे येणार?’ त्यांनी कागदावर चित्र काढून मधली रेघ आणि तिच्या बाजूला टाके दाखवले तर निर्धास्त व्हा. ‘ते आमच्यावर सोडा’ म्हणाले तर दुसरं मत घ्या.

जाताना मागच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि तेव्हा तुकडा तपासला असेल तर तो रिपोर्ट बरोबर न्या. रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन तुमच्याकडेच करून घ्या. आणि मिस्टरांनाच पाठवा. मागच्या महिन्यात एक आई मुलाचे फोटो घेऊन एकटीच आली होती, पोरगा लाजून बाहेर रिक्षात बसला होता.